निकेलचं उभं सूत

मनकर्णा गुंजाळला आमच्या प्रयोगशाळेत घ्यायला माझा विरोध होता, हे आधीच सांगून टाकतो. आज आमच्या कॉलेजात 'मी पहिल्यापासून म्हणत होतो' असं म्हणणारे चिक्कार भेटतील. मी पहिल्यापासून नकोच म्हणत होतो.

मी कल्याण. संगमनेरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र विभागाचं स्टोअर सांभाळतो. सव्वीस वर्षं झाली. एखादी काचेची नळी हरवली तर मला झोप लागत नाही, आणि ज्याने हरवली त्यालाही मी लागू देत नाही. चार वर्षांपूर्वी विभागाला कंत्राटी परिचर हवा होता. बारावी सायन्स झालेल्या पोरांचे अर्ज येऊन पडले होते. त्यातून आमच्या बेलापूरकर सरांनी निवडली कोण, तर घुलेवाडीची, दहावी झालेली, पंचेचाळिशीची, घरी ब्लाऊज शिवणारी बाई. नवरा रंगनाथ दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर.

मी सरांना म्हणालो, "सर, इथं हजार अंशांची भट्टी आहे, हायड्रोजनचा सिलिंडर आहे. यांना काय काजं करायला बसवणार?"

बेलापूरकर सर म्हणजे नृसिंह बेलापूरकर. आवाज कधी चढत नाही, म्हणून माणूस आणखीच चिडतो. ते म्हणाले, "मी तिला पेन्सिलीची रेघ न मारता कात्रीने एक सेंटीमीटरचा चौकोन कापायला सांगितला. चारही बाजू मोजल्या. तुम्ही कापून दाखवा, तुम्हाला हवा तो उमेदवार घेऊ." मी कात्रीला हात लावला नाही. मला माझा हात माहीत आहे.

आता काम काय चालायचं ते सांगतो. घाबरू नका, मलाही ते निम्मंच कळतं. केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढा बारीक कार्बनचा धागा असतो. तो कुणी ओढून काढत नाही, तो उगवतो. निकेलचा अतिसूक्ष्म दाणा तापवायचा आणि त्यावरून कार्बन असलेला वायू सोडायचा. दाण्याच्या एका बाजूने कार्बन आत शिरतो आणि दुसऱ्या बाजूने धागा होऊन बाहेर पडतो. म्हणजे धागा कुठल्या दिशेला जाणार, हे दाण्याची कोणती बाजू कुठे तोंड करून बसली आहे त्यावर ठरतं. दाणे कसेही बसले तर धाग्यांचं गुंतवळ होतं. सगळे एका शिस्तीत बसले तर धागेही शिस्तीत येतात, आणि मग त्यांच्यातून वीज किंवा उष्णता आपल्याला हव्या त्या वाटेने नेता येते. दाण्यांना ही शिस्त लावायची कशी, हा निकिता गोलेकरचा पीएच.डी.चा विषय होता.

निकिता खर्ड्याची. घरची ज्वारी-तुरीची शेती, घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली पहिली मुलगी. तिच्या वर्गातली निम्मी मुलं सुप्याच्या कारखान्यांत चिकटून स्थिरस्थावर झाली, आणि ही अजून रोज सकाळी साडेआठला येऊन भट्टीपुढे उभी. बोलायला फटकळ, कामाला चिवट. माझ्याशी तिचं पहिल्याच आठवड्यात वाजलं, म्हणून मला ती आवडायची.

तिची पद्धत अशी. निकेलचा कागदासारखा पातळ पत्रा परदेशातून यायचा. त्याचे एक सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे करायचे. मखमलीच्या कापडावर बारीक पावडर घेऊन ते आरशासारखे घासायचे. मग हायड्रोजनमध्ये हजार अंशांवर तापवायचे. हा पत्रा कारखान्यात रुळांमधून दाबून काढलेला असतो, आणि असा दाबलेला पत्रा नीट तापवला की त्यातले सगळे स्फटिक एकाच ढंगाने मांडले जातात. मग पृष्ठभागावर बारीक दाणे उठवायचे आणि त्यावर धागे उगवायचे. धागे आले की तुकडा डबीत घालून एस.टी.ने पुण्याला न्यायचा, तिथल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तुकड्याची कड फोटोच्या कडेला लावून फोटो काढायचा. कापणं आणि घासणं ही दोन कामं मनकर्णाबाईंची.

त्यांची कापायची तऱ्हा मी बघायचो. पत्रा खिडकीशी धरायच्या, उजेडात तिरपा करायच्या, डोळे बारीक करून बघायच्या आणि मगच कात्री चालवायच्या. मला वाटायचं, उगाच नखरे. एकदा त्यांनी मला विचारलंही, "कल्याणभाऊ, या पत्र्यालाबी सूत असतं का वो? बारीक रेघा दिसत्यात एकाच अंगानं."

मी म्हणालो, "बाई, हा पत्रा आहे, पैठणी नाही."

त्या हसल्या आणि कामाला लागल्या. त्या रेघा रुळांच्या होत्या. मखमलीवर घासल्या की निघून जायच्या, मग तुकड्याकडे बघून कुणालाच काही कळलं नसतं. पण शिवणकाम करणाऱ्या माणसाचा हात कापडाच्या सुताला धरूनच चालतो, म्हणून त्या प्रत्येक तुकडा त्या रेघांना सरळ धरून कापायच्या. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. निकिताच्या वहीत एवढंच लिहिलेलं होतं : एक बाय एक सेंटीमीटरचा तुकडा.

पहिले बारा तुकडे नोव्हेंबरमध्ये पुण्याहून आले आणि विभागात दिवाळी पुन्हा आल्यासारखं झालं. फोटोत धागे चौकटीच्या कागदावरच्या रेघांसारखे होते. काही उभे, काही आडवे, पण सगळे तुकड्याच्या कडांना समांतर. बाराच्या बारा तुकड्यांत तसंच. निकिताने सगळ्या विभागाला पेढे वाटले, मला दोन दिले. बेलापूरकर सरांनी एका परिषदेला निबंधाचा सारांश पाठवून दिला.

आणि तिथून पुढे मी घोटाळा केला.

पत्रा संपला. नवीन यायला बरेच महिने लागणार होते. माझ्या कपाटात रसायनशास्त्रवाल्यांनी वापरून परत केलेला तसलाच एक पत्रा पडून होता. त्यांनी बॅटरीच्या प्रयोगासाठी त्यातून रुपयापेक्षा थोड्या कमी आकाराच्या गोल चकत्या ओळीने पाडून घेतल्या होत्या. लाटलेल्या पोळीतून वाटीने पुऱ्या पाडल्यावर मागे जे जाळं उरतं, तसा तो पत्रा होता. मी तो मनकर्णाबाईंच्या हातात ठेवला आणि म्हणालो, "यातून निघतील तेवढे काढा. कण वाया जाता कामा नये."

हे कुणाला सांगावं? जिने वीस वर्षं ऐंशी सेंटीमीटरच्या तुकड्यातून लांब बाह्यांचे ब्लाऊज बसवले त्या बाईला. तिला तो पैजेचा विडाच वाटला. कडेच्या पट्ट्यांतून बारा तुकडे सरळ निघाले. पण गोलांच्या मधे जी चार टोकांची जागा उरली होती, तिच्यात चौकोन सरळ बसेना. तो तिरका फिरवला की नेमका बसायचा. मनकर्णाबाईंनी तिथून एकोणीस तुकडे काढले. एकतीस तुकडे, सगळे आखीव, सगळे आरशासारखे. मी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. माझ्या तोंडून कौतुक निघाल्याचं विभागात ते एकमेव उदाहरण असावं.

त्यानंतरचे आठ महिने निकिताच्या नाकी नऊ आले. धागे यायचे, पण एका तुकड्यात कडेला सरळ आणि दुसऱ्यात कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरके. काल सरळ तर आज तिरके. सरांनी तर्क बांधला की तापमान चारदोन अंशांनी हलत असावं. भट्टी उघडली, तारा बदलल्या. मग वायूचा वेग बदलला. मग सिलिंडरच बदलला. प्रत्येक तुकडा एक्स-रे मशीनखाली घातला, तर मशीन म्हणे सगळे स्फटिक ठीक. निकिताने एक एक तुकडा तीन तीन वेळा तपासला. तिचं वजन उतरलं, बोलणं तुटक झालं.

जुलैत तिच्या कामाचा आढावा घेणारी समिती बसली. पुण्याहून सुश्रुत दामले म्हणून सदस्य आले होते. चष्म्यावरून बघणारे, नेमकं बोलणारे. त्यांनी नोव्हेंबरचे फोटो एका बाजूला ठेवले, नंतरचे दुसऱ्या बाजूला, आणि शांतपणे विचारलं, "पहिल्या वेळी तुकडे बाराच होते, की जास्त होते आणि तुम्ही बारा निवडलेत?"

निकिता म्हणाली, "बाराच होते, सर."

"आणि पुढच्या एकतीसमध्ये सगळीकडे तसं का येत नाही?"

समितीने ठरवलं की सप्टेंबरच्या बैठकीपर्यंत पहिला निष्कर्ष पुन्हा करून दाखवावा, नाहीतर तो प्रबंधातून काढावा आणि परिषदेलाही तसं कळवावं. आमच्या धंद्यात असं कळवणं म्हणजे काय, ते सगळ्यांना समजतं. पोरीने फोटो निवडून घेतले, हा शिक्का आयुष्यभरासाठी. बाहेर आल्यावर बेलापूरकर सरांनीही तिला विचारलं, "निकिता, माझ्यापाशी बोल. खरंच बाराच होते ना?" दामल्यांच्या प्रश्नापेक्षा तिला हा प्रश्न जास्त लागला. ती काचेची नळी धुवायला गेली आणि तासभर धूतच राहिली.

मनकर्णाबाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "मला दाव तरी काय झालंय ते. मी एवढं कापते, घासते. पुडं काय व्हतंय ते मी कंदी बगितलंच न्हाई."

हे मात्र खरं होतं. इतक्या दिवसांत आम्ही कुणीच त्यांना फोटो दाखवले नव्हते. निकिताने चिडून एकतीस फोटोंचा गठ्ठा टेबलावर टाकला. मी तिथेच बीकर मोजत होतो. मनकर्णाबाईंनी एकेक फोटो उचलला, दोन ढीग केले आणि दुसऱ्या ढिगावर हात ठेवून म्हणाल्या, "ह्ये उरेब हायेत."

उरेब म्हणजे कापडाच्या सुताला तिरकं कापलेलं. ब्लाऊजच्या कटोऱ्या तशा कापतात.

निकिता म्हणाली, "मावशी, मला माहीत आहे तिरके आहेत. का आहेत ते कळत नाहीये."

मनकर्णाबाईंचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्या फोटोंवरचे नंबर वाचत होत्या. निकिता पुन्हा नळी धुवायला वळली, तशा त्या दोन्ही ढीग घेऊन माझ्या स्टोअरमध्ये शिरल्या, मागोमाग मी, आणि त्यांनी कपाटाच्या तळातून तो जाळीचा पत्रा ओढून काढला. त्यात आता फक्त काड्या उरल्या होत्या. पण शिंप्याची सवय अशी की कोणता तुकडा कुठून काढला हे चिंधीवर लिहून ठेवायचं. प्रत्येक भोकाशेजारी त्यांनी मार्करने नंबर घातला होता. त्या एक नंबर वाचायच्या आणि बोट ठेवायच्या. तिरक्या धाग्यांचे एकोणीसही तुकडे गोलांच्या मधल्या जागेतले निघाले. सरळ धाग्यांचे बारा कडेच्या पट्टीतले.

"कल्याणभाऊ," त्या म्हणाल्या, "ही माजी चूक हाय. पत्र्याला सूत हाय. मी त्ये फिरवलं."

मी आधी दाराकडे बघितलं. कारण तो पत्रा कुणी दिला होता, आणि सूत आहे का असं विचारल्यावर पैठणीचा विनोद कुणी केला होता, ते मला चांगलं आठवत होतं. आता माझं बोलणं ऐका. मी म्हणालो, "दार लोटून घ्या. हे बघा, नवीन पत्रा परवाच आलाय. तुम्ही सगळे तुकडे सरळ कापा. सप्टेंबरमध्ये सगळे फोटो सरळ येतील. पोरगी सुटेल, तुम्ही सुटाल, कुणाला काही सांगायची गरज नाही. ऑक्टोबरात तुमचं कंत्राट संपतंय, विसरू नका."

त्या पत्र्याकडे बघत राहिल्या. त्यांना मोह झालाच नाही असं मी म्हणणार नाही. घरात त्यांच्या पगाराची गरज होती, हे मला माहीत होतं.

"अन् ह्ये आट महिने?" त्या म्हणाल्या. "ह्ये एकतीस तुकडे कुनाच्या नावावर ऱ्हाणार? तिच्याच ना? लोक म्हननार, आदी जमलं, मंग बिगाडलं, मंग परत जमलं, कायतरी काळंबेरं असंल. न्हाई. मी सांगनार. सरांना न्हाई नुसतं, त्या पुन्याच्या सायबांपुडं सांगनार."

"तुम्हाला घालवतील."

"घालवू द्या. मशीन हाय घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निकिताला सगळं सांगितलं. पुस्तकांत अशा वेळी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडतात. निकिता पडली नाही. तिने तो पत्रा बघितला, नंबर बघितले, आणि म्हणाली, "आठ महिने, मावशी. मी रोज मरत होते आणि तुम्ही शेजारी बसून घासत होता." तिने डबा न उघडताच पिशवीत टाकला आणि निघून गेली. दोन दिवस ती मनकर्णाबाईंशी बोलली नाही. मनकर्णाबाईंनी ते दोन दिवस मान खाली घालून नवीन पत्र्याच्या पेट्या लावल्या. मी मधे पडायला गेलो, तर म्हणाल्या, "तिला चिडू द्या. तिचा हक्क हाय."

तिसऱ्या दिवशी निकिता आली ती वही उघडूनच. रागातून तिचं डोकं चालायला लागलं होतं. "मावशी, तुम्ही वीस अंशात कापू शकाल? सरळ नाही, तिरकं नाही, मधेच."

"किती म्हंजे? कागदावर काडून दाव."

तिने कोन काढून दाखवला. मनकर्णाबाईंनी तो अंगठ्याने मापला आणि पत्रा उजेडाला धरला. निकिताचं म्हणणं असं होतं : धागे जर खरोखर स्फटिकांचंच ऐकत असतील, तर पत्रा जितका फिरवून कापू तितकेच धागे फिरले पाहिजेत. वायूचा, भट्टीचा काही संबंध असेल तर ते फिरणार नाहीत. नुसतं सगळं सरळ आणून दाखवलं तर दामले पुन्हा म्हणतील, निवडलेत. म्हणून दाखवायचं ते फिरवूनच दाखवायचं.

सप्टेंबरची बैठक. मनकर्णाबाई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. बेलापूरकर सरांना आदल्या दिवशी निकिताने सांगितलं होतं, तेव्हापासून त्यांचा चेहरा उतरलेलाच होता. दामले बसले, पाणी प्यायले, आणि मनकर्णाबाईंनी जाळीचा पत्रा त्यांच्यापुढे ठेवला.

"सायेब, मी मनकर्णा गुंजाळ. तुकडे मी कापते. आदीचे बारा मी सुतात कापल्ते. नंतरचे एकोनीस मी उरेब कापले, पत्रा वाचवायला. इच्यारलं न्हाई कुनाला. या पोरीनं फोटू निवडले न्हाईत. जे आलं त्ये तिनं दावलं."

दामल्यांनी पत्रा हातात घेतला, नंबर आणि फोटो ताडून पाहिले. मग म्हणाले, "पण एक्स-रे मशीनने सगळे तुकडे सारखेच दाखवलेत."

निकिता उभी राहिली. "सर, आपलं मशीन फक्त वरून बघतं. फरशी सपाट बसली आहे एवढं ते सांगतं. ती जागच्या जागी किती फिरवून बसवली, हे त्याला दिसत नाही. आम्ही आठ महिने त्याच्यावर विसंबलो."

बेलापूरकर सर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते. तीस वर्षं ते एम.एस्सी.च्या पोरांना स्फटिकांची रचना शिकवत आले होते. मलाही कुठे बघावं ते कळेना.

दामले म्हणाले, "ठीक आहे. माझ्यासमोर कापा. कोन मी सांगतो." त्यांनी सहा चिठ्ठ्या केल्या आणि सहा कोन मनकर्णाबाईंना एकेक करून दाखवले. त्या उजेडाला पत्रा धरून कापत गेल्या. हात हलला नाही. तुकडे घासून आरसे झाले, सगळे एकासारखे एक. दामल्यांनी ते स्वतः डब्यांत घालून वर अक्षरं टाकली आणि चिठ्ठ्या खिशात घातल्या. कोणत्या डबीत कोणता कोन, हे आता त्यांच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. नंतर आठवडाभर निकिताने भट्टी चालवली. डब्या घेऊन ती आणि मनकर्णाबाई दोघी एस.टी.ने पुण्याला गेल्या, मायक्रोस्कोपपाशी दामले स्वतः बसले.

मी इथे स्टोअरमध्ये फोन समोर ठेवून बसलो होतो. त्या दिवशी मी तीन पोरांवर विनाकारण ओरडलो. दुपारी फोन वाजला. निकिता नुसते आकडे वाचत होती. फोटोत मोजलेला कोन आधी, चिठ्ठीवरचा नंतर. "शून्य, शून्य. एकोणीस, वीस. पंचेचाळीस, पंचेचाळीस. एक, शून्य. एकवीस, वीस. चव्वेचाळीस, पंचेचाळीस." फोन मनकर्णाबाईंनी घेतला. "जमलं, भाऊ," एवढंच म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही. नंतर त्या तीन पोरांना मी चहा पाजला.

निकिताचा निष्कर्ष नुसता टिकला नाही, दुप्पट पक्का झाला. सरळ तुकड्यांनी जे सिद्ध झालं नसतं ते तिरक्या तुकड्यांनी झालं. धागा स्फटिकाचंच ऐकतो, दुसऱ्या कशाचं नाही. दामल्यांनी तसं लेखी दिलं. मनकर्णाबाईंचं कंत्राट चालू राहिलं. इथे गोष्ट संपवली असती तर सगळे खूश झाले असते, पण ती बाई तिथे थांबणारी नव्हती.

जानेवारीत निबंध छापायला पाठवायची वेळ आली. बेलापूरकर सरांनी मसुदा केला होता. मनकर्णाबाईंनी निकिताला म्हटलं, "मला मराठीत वाचून दाव. मी कापलंय, मला कळाया पायजे." मी, सर, त्या दोघी, असे टेबलाभोवती बसलो होतो. निकिता वाचत वाचत एका वाक्यापाशी आली : दिशेचा परिणाम तपासण्यासाठी एकोणीस तुकडे मुद्दाम तिरक्या कोनात कापण्यात आले.

"मुद्दाम?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

सर जरा अवघडले. "तसं लिहायची पद्धत असते, मनकर्णाबाई. शेवटी फायदाच झाला ना? आणि तुमच्याच भल्यासाठी आहे. चूक झाली असं छापलं तर तुमचं नाव खराब होईल, विभागाचंही होईल. जगात कुणी असं लिहीत नाही."

निकिता खाली बघत होती. तिला तो शब्द आवडला नव्हता, पण प्रबंध सरांच्या सहीवर अडलेला.

मनकर्णाबाई उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. "सर, या पोरीला तुमी इच्यारलं हुतं, बाराच हुते का म्हनून. तिनं व्हय म्हनलं. त्ये खरं हुतं आन् तरी दोन महिने तिच्यावर कुनी इस्वास ठिवला न्हाई. आता खरं गावलंय. त्यात आपुन खोटं कशापायी शिवायचं? उद्या कुनी तिला परत इच्यारलं, ह्ये मुद्दाम केल्तं का, तर तिनं काय सांगायचं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, जाळीचा पत्रा मी दिला होता. कण वाया घालवू नका असं मीच सांगितलं होतं. तेही लिहा." बोलून झाल्यावर मला फार हलकं वाटलं.

सरांनी पेन उचललं आणि 'मुद्दाम' खोडलं. "पत्रा वाचवताना चुकून," असं पुटपुटत त्यांनी वर लिहिलं.

"कुनाच्या हातनं त्ये?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"ते लिहायची गरज नाही हो."

"लिवा."

सरांनी लिहिलं.

निबंध जूनमध्ये छापून आला. इंग्रजीत, बारा पानी. निकिताने छापील प्रत आणली आणि मनकर्णाबाईंपुढे ते पान उघडलं. त्यांनी हात पदराला पुसले. इंग्रजी अक्षरं त्यांना जुळवून वाचता येतात. ओळीवरून बोट फिरवत त्यांनी स्वतःचं नाव शोधलं, आणि तिथे बोट तसंच ठेवून निकिताला विचारलं, "अन् चूक कुटं लिवलीय?"

निकिताने त्यांचं बोट धरलं आणि दोन शब्द पुढे नेऊन ठेवलं.

"हां," मनकर्णाबाई म्हणाल्या. "शेजारीच हाय."